कृत्रिम पायाचं माप घेणाऱ्याला कायदा काय विचारतो

माझे मामा इंदूरला रामबागेत राहतात. मधुमेहापायी त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या चार-पाच बोटं खाली कापावा लागला. जखम भरली आणि घरात एकच विषय सुरू झाला, पाय कुठे बसवायचा? कोणीतरी एक दुकान सुचवलं, मी मामांना रिक्षात घालून घेऊन गेले. भिंतीवर चार चौकटी होत्या. गुमास्ता लायसेंस, जीएसटीचं प्रमाणपत्र, कुठलंसं आयएसओ, आणि एका शिबिरात मिळालेलं सन्मानपत्र. मालक गोड बोलणारे. "बाबूजी, तीस साल से यही काम कर रहे हैं." मग त्यांनी शिंप्याची टेप काढली, मामांच्या पायजम्यावरूनच तीन ठिकाणी घेर मोजला, आकडे औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिले आणि आठ दिवसांनी या म्हणाले.

पाय आला. दिसायला देखणा होता, मामी तर त्याला मोजा घालून बघत बसल्या. पंधराव्या दिवशी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, रुपयाएवढी जखम झाली. दुकानदाराने प्लास्टिक तापवून तिथे थोडं फुगवून दिलं, मग दुसरीकडे काचायला लागलं. मधुमेहाच्या माणसाची जखम ती. भरायला अडीच महिने गेले, आणि तेवढे दिवस मामा परत कुबड्यांवर.

मी विम्याच्या कचेरीत नोकरी केली, कागद वाचायची खोड जात नाही. त्या दुकानातली प्रत्येक चौकट मी वाचली होती. पण भिंतीवर काय नाही हे कळायला, काय असायला हवं ते आधी ठाऊक लागतं. ते मला नंतर कळलं. ते इथे सांगते.

आधी नावं नीट लावू. कापलेल्या किंवा जन्मतः नसलेल्या अवयवाच्या जागी जो कृत्रिम अवयव बसवतात तो प्रोस्थेसिस, आणि अवयव जागेवर आहे पण त्याला आधार, वळण किंवा आवर हवा म्हणून बाहेरून जे लावतात ते ऑर्थोसिस. आपल्याकडे ज्याला कॅलिपर म्हणतात ते ऑर्थोसिस, पोलिओ झालेल्या पिढीने आयुष्यभर वापरलेलं. लहान मुलांच्या वळलेल्या पावलांचे बूट, पाठीच्या कण्याचा बाक रोखणारं जाकीट, पक्षाघातानंतर पाऊल लोंबू नये म्हणून घालायची प्लास्टिकची पट्टी, हेही त्यातच. पहिलं काम करणारा प्रोस्थेटिस्ट, दुसरं करणारा ऑर्थोटिस्ट. शिक्षण दोन्हींचं एकत्रच होतं, म्हणून या क्षेत्रातली माणसं सरळ "पी अँड ओ" म्हणतात. ही माणसं डॉक्टर नसतात. आणि हाडांचे डॉक्टर हे काम करत नाहीत. ते चिठ्ठी लिहून देतात, माप घेणं आणि बसवणं हे काम या पी अँड ओवाल्यांचं.

आता कायदा. डॉक्टरांसाठी मेडिकल काउन्सिल, वकिलांसाठी बार काउन्सिल असते हे सगळ्यांना माहीत असतं. अपंगांच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांसाठीही तशी एक परिषद आहे हे फार थोड्यांना ठाऊक. भारतीय पुनर्वास परिषद तिचं नाव, रोजच्या बोलण्यात आरसीआय. १९८६ मध्ये ती संस्था म्हणून नोंदली गेली, १९९२ मध्ये संसदेने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि जून १९९३ पासून ती कायद्याने बांधलेली परिषद झाली. कोण शिकवू शकतं, अभ्यासक्रम काय असावा, कुठली पदवी मान्य, हे ती ठरवते. आणि मान्य पदवी असलेल्यांची एक देशभराची नोंदवही ठेवते, केंद्रीय पुनर्वास नोंदवही. इंग्रजी आद्याक्षरांनी ती सीआरआर. डॉक्टरांसारख्या राज्याराज्यांच्या वेगळ्या वह्या इथे नाहीत. इंदूरचा माणूस असो की इंफाळचा, वही एकच.

या कायद्यात पुनर्वास व्यावसायिक म्हणजे कोण याची यादी आहे. श्रवणदोष तपासणारे, वाचा सुधारणारे, विशेष शिक्षक, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि इतर बरेच. यादीत भर घालायचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट तिच्यात नंतर अधिसूचनेने आले. आणि कलम १३ म्हणतं की मान्य पदवी आणि नोंदवहीत नाव, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय कोणालाही चार गोष्टी करता येणार नाहीत. सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या नोकरीत या पदावर बसता येणार नाही. भारतात कुठेही हा व्यवसाय करता येणार नाही. कायद्याने या व्यावसायिकाची सही लागते अशा दाखल्यावर सही करता येणार नाही. आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येणार नाही.

यातली दुसरी गोष्ट परत वाचा. "भारतात कुठेही." सरकारी नोकरीपुरतं नाही, शिबिरापुरतं नाही, खाजगी दुकानालाही ते लागू. आणि "दोन्ही" हा शब्दही महत्त्वाचा. पदवी आहे पण नाव नोंदवलेलं नाही, तर चालत नाही. हे मोडलं तर शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार! १९९२ चा आकडा आहे, पण मामांच्या त्या पायाच्या बिलाशेजारी नुसता ठेवला तरी हसू येतं. पायाची किंमत त्याच्या कितीतरी पट होती.

इतकं कशासाठी, असा प्रश्न मामींनी विचारला होता. "सुतार नाही का खुर्चीचा पाय बसवत?" त्याचं उत्तर मला कायद्याने नाही, दुसऱ्यांदा माप घेतलं त्या दिवशी मिळालं.

या वेळी आम्ही एका रुग्णालयातल्या केंद्रात गेलो. तिथली मुलगी तिशीची असेल. मुंबईत शिकलेली, मराठी ऐकून खूश झाली. तिने आधी पायजमा काढायला लावला. मग दहा मिनिटं टेपला हातच लावला नाही. स्टंप म्हणजे पायाचा उरलेला भाग, तो दोन्ही हातांनी चाचपला, कापसाने स्पर्श करून कुठे कळतं कुठे कळत नाही ते बघितलं, साखरेचा आकडा विचारला, दुसरं पाऊल तपासलं. मग म्हणाली, "काका, जमिनीवर मांडी घालून बसता का?"

"पूजेला बसतो. आता काय देवासमोर खुर्ची मांडायची?"

"नको. पण ते मला आत्ताच माहीत हवं."

नंतर तिने स्टंपवर ओला पातळ मोजा चढवला आणि जांभळ्या पेन्सिलीने खुणा केल्या. गुडघ्याच्या वाटीखाली एक आडवी रेघ, नडगीच्या धारेवर एक उभी, आणि बाहेरच्या अंगाला एका उंचवट्याभोवती गोल. बरोबर तिथेच, जिथे जखम झाली होती. "हे फिब्युलाचं, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाचं, डोकं. इथे हाडावर नुसती कातडी असते आणि मागून एक नस वळून खाली जाते. इथे वजन द्यायचंच नाही." मग प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळली, आणि ती घट्ट होईपर्यंत दोन्ही अंगठ्यांनी वाटीखालची जागा दाबून धरली. तो साचा उतरवला तेव्हा जांभळ्या खुणा आतून उमटलेल्या होत्या. त्यात प्लास्टर ओतलं की मामांच्या स्टंपची पांढरी मूर्ती तयार. आणि खरं काम तिथून पुढे. जिथे वजन पेलायचं तिथे ती मूर्ती कानशीने खरवडतात, म्हणजे सॉकेट, कृत्रिम पायाचा ज्यात स्टंप बसतो तो कप, तिथे दाबून बसतं. जिथे वजन नको तिथे उलट प्लास्टर चढवतात, म्हणजे सॉकेटमध्ये तेवढी पोकळी राहते. थोडक्यात, सॉकेट स्टंपच्या आकाराचं नसतंच. कोणत्या जागेने किती भार सोसायचा याचा तो हिशेब असतो. पायजम्यावरून घेतलेल्या तीन घेरांत हा हिशेब कुठून येणार?

पहिल्यांदा चालवलं ते दोन समांतर दांड्यांच्या मधे. ती समोर, बाजूला, मागे उभी राहून बघत होती. मामा दर पावलाला किंचित उजवीकडे झुकत. तिने खिशातून ॲलन की काढली आणि घोट्यावरचा एक स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरवला. झुकणं कमी झालं. वीस मिनिटांनी पाय काढून लाल झालेल्या जागा पाहिल्या, मग घड्याळ लावून बसली. वाटीखालची लाली दहा मिनिटांत गेली, तिथे भार यायलाच हवा. फिब्युलावर लाली नव्हती. तेव्हा कुठे मान हलवली.

हे शिकायला साडेचार वर्षं लागतात. बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स, बारावी विज्ञानानंतर चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने प्रत्यक्ष रुग्णांवर इंटर्नशिप. आद्याक्षरं बीपीओ. त्यामुळे आमच्याकडे एका ओळखीच्या मुलाने बीपीओला प्रवेश घेतला म्हटल्यावर त्याच्या आजोबांना तो कॉल सेंटरात लागला असंच वाटत होतं, आणि ते दोन महिने नातेवाइकांना तसं सांगतही होते. शरीररचना, शरीरक्रिया, हाडांच्या आजारांची ओळख, प्लास्टिक आणि धातूंचे गुणधर्म, कार्यशाळेतलं काम, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे माणूस चालतो कसा याचं यांत्रिक गणित, असा तो अभ्यास. पुढे दोन वर्षांची मास्टर्स. डिप्लोमा घेऊन आलेलेही जुन्या पिढीत बरेच आहेत, आणि त्या डिप्लोमाला परिषदेची मान्यता असेल तर नोंदवहीत त्यांचीही जागा आहे.

शिकायचं कुठे, हे विचारणारे पालकही मला भेटलेत. मुंबईत हाजी अलीजवळची १९५५ ची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था मराठी मुलांना सगळ्यांत सोयीची. कोलकात्याची राष्ट्रीय संस्था, कटकजवळ ओलतपूरची, दिल्लीची आणि चेन्नईचीही केंद्र सरकारच्या. खाजगी महाविद्यालयंही निघाली आहेत. तिथे प्रवेश घेण्याआधी परिषदेची मान्यता त्या वर्षाच्या तुकडीसाठी आहे का, हे तपासा. विद्यापीठ मोठं आहे म्हणून भागत नाही. पदवी मिळाली आणि वहीत नाव चढलं नाही, तर त्या मुलाचं काय, ते कलम १३ ने आधीच सांगून ठेवलंय.

पुण्यातल्या कृत्रिम अवयव केंद्राचं नाव न घेता पुढे जाणं बरं नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, जखमी सैनिकांसाठी ते सुरू झालं. लष्कराचं आहे. आमच्या लहानपणी इंदूरच्या मराठी घरात कोणाचा पाय गेला की "पुण्याला न्या" हेच पहिलं वाक्य असायचं.

आता नंबराची गोष्ट, कारण ग्राहकाच्या हातात खरं तेवढंच आहे. नोंदवहीत नाव चढलं की परिषद एक प्रमाणपत्र देते. त्यावर सीआरआर नंबर असतो, पदवी लिहिलेली असते आणि कधीपर्यंत वैध ते असतं. नोंदणी कायमची नसते. ती पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी मधल्या काळात शिकत राहिल्याचे गुण दाखवावे लागतात. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नंबर टाकून माणूस शोधता येतो, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम.

इथे एक फसगत होते. नंबर आहे म्हणजे झालं, असं नव्हे. त्याच नोंदवहीत विशेष शिक्षकही आहेत, कानाचे यंत्र बसवणारेही आहेत. एकाच वहीतले सगळे, पण प्रत्येकाला स्वतःच्याच पदवीचं काम. म्हणून नंबराशेजारची पदवीची ओळ वाचा. तिथे प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्स असले पाहिजे. आणि गुमास्ता लायसेंस दुकानाचं असतं, जीएसटी विक्रीचा असतो, आयएसओ कामाच्या पद्धतीचं असतं. या तिन्हींपैकी एकही कागद, तुमच्या पायाला हात लावणारा माणूस काय शिकला, हे सांगत नाही. सीआरआर दुकानाला मिळतच नाही. ते माणसाला मिळतं.

मग तो नंबरवाला माणूस दुकानात येतो तरी का, असाही प्रश्न आहे. बोर्डावर एकाचं नाव आणि माप घेणारा दुसराच, असं औषधांच्या दुकानात आपण वर्षानुवर्षं पाहत आलोय. विचारायचं ते थेट: माप कोण घेणार, पहिल्यांदा चालवून कोण बघणार, दुखलं तर कोणाला दाखवायचं? तिन्हींना एकच नाव आलं तर बरं.

माझं म्हणणं पदवी नसलेल्या सगळ्यांविरुद्ध आहे असं समजू नका. त्या केंद्रात प्लास्टिकचा पत्रा भट्टीत तापवून साच्यावर ओढणारा, कडा घासून गुळगुळीत करणारा, पाऊल जोडणारा माणूस वेगळाच होता. पन्नाशीचा, हाताची बोटं भाजून जाड झालेली. त्याच्याशिवाय त्या मुलीचं काम उभंच राहिलं नसतं. तो तंत्रज्ञ. जगभर ही दोन कामं वेगळी धरतात, रुग्ण तपासून काय करायचं ठरवणारा आणि ते हाताने घडवणारा. १९७० साली स्थापन झालेली या क्षेत्राची आंतरराष्ट्रीय संघटना तीन पायऱ्या मानते: पूर्ण प्रशिक्षित प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट, त्याच्या खालचा सहयोगी, आणि तंत्रज्ञ. दुकानात जे होतं ते असं की तिसऱ्या पायरीचा माणूस, कधी तेही शिक्षण नसलेला, पहिल्या पायरीचं काम करतो. हात चांगला असतो, पण कुठे किती भार द्यायचा हे हाताला नाही कळत.

आणि जयपूर फूट? तो प्रश्न येणारच. १९६० च्या दशकाच्या शेवटी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिरांनी मिळून ते पाऊल घडवलं. शर्मांचं शालेय शिक्षण जेमतेम. उकिडवं बसता येईल, अनवाणी शेतात चालता येईल, असं पाऊल परदेशात पदव्या घेतलेल्यांना सुचलं नव्हतं. ते या कारागिराला सुचलं. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा पदवी म्हणजेच अक्कल असं कोणी म्हणू लागलं तर मी शर्मांचं नाव घेईन. पण त्या जोडीत रुग्णाचा स्टंप पाहणारा एक शल्यचिकित्सकही होता, हे आमच्या दुकानदारांना आठवत नाही. आणि जयपूर फूट हे पाऊल आहे. मामांना काचलं ते पाऊल नव्हतं, सॉकेट होतं.

कायदा इतका स्पष्ट आहे तर दुकानं चालतात कशी? मला दिसतं ते असं. यादीत प्रोस्थेटिस्टचं नाव आहे, पण प्रोस्थेटिस्ट नेमकं काय काय करतो, कुठलं काम फक्त त्यानेच करायचं, याची व्याख्या कायद्यात नाही. मग दुकानदार म्हणतो, मी कुठे प्रोस्थेटिस्ट आहे? मी पाय विकतो. दुसरं, या कायद्याखालचा गुन्हा कोर्टात न्यायचा तर परिषदेने अधिकार दिलेल्या माणसाचीच लेखी तक्रार लागते. मामा उठून थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेले असते तर उपयोग झाला नसता. आणि तिसरं कारण सगळ्यांत मोठं. माणसंच नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये या सेवेची मानकं काढली. दर दहा लाख लोकसंख्येमागे पाच ते दहा प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट हवेत, असं त्यात आहे. इंदूर जिल्हा २०११ च्या जनगणनेत ३२ लाख ७६ हजारांचा होता. म्हणजे तेव्हाच्याच लोकसंख्येला सोळा ते तेहतीस माणसं लागतात, आता तर त्याहून जास्त. तुम्ही इंदूरचे असाल तर बोटं मोजून बघा, किती नावं येतात. माझी दुसऱ्या हातावर जात नाहीत. त्याच जनगणनेत देशात हालचालीचं अपंगत्व असलेले ५४ लाखांवर लोक नोंदले गेले. देवास, धार, झाबुआकडचा शेतकरी पाय गेल्यावर इंदूरला येतो, त्याच्या पुढ्यात ते चार चौकटींचं दुकान असतं. त्याला "सीआरआर नंबर विचारा" असं सांगणं सोपं आहे, मलाही कळतं. पण विचारलंच नाही तर नंबरवाल्याला दुकानदार नोकरीला तरी कशाला ठेवेल?

हा पेच आपल्याच देशाचा आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट ही बिरुदंच कायद्याने राखीव. नोंदणी नसताना ती लावली तर गुन्हा. अमेरिकेत मात्र अख्ख्या देशाचा एक परवाना नाही. काही राज्यं परवाना मागतात, बाकीची मागत नाहीत. तिथल्या संसदेने २००० साली कायदा केला की वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यातून अशा अवयवांचे पैसे फक्त पात्र माणसाने बनवले आणि बसवले तरच द्यायचे. पात्र म्हणजे नेमकं कोण, याचे नियम करायला २०१७ उजाडलं, आणि जानेवारीत मांडलेला तो मसुदा ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला. सतरा वर्षांचं काम, नऊ महिन्यांत गुंडाळलं.

तिथल्या नियमांतली एक गोष्ट मात्र मला फार उपयोगी वाटली, आणि ती आपणही मनात धरावी. ते वस्तूंकडे पाहताना विचारतात, ही बसवायला किती अक्कल लागते? पट्टा ओढून, वेल्क्रो चिकटवून रुग्णाला स्वतःलाच नीट करता येईल ती वस्तू एका बाजूला. कापून, वाकवून, तापवून माणसाच्या अंगाबरहुकूम करावी लागते, किंवा साचा घेऊन मुळापासून बनवावी लागते ती दुसऱ्या बाजूला. औषधाच्या दुकानातून गुडघ्याचा पट्टा किंवा मानेचा कॉलर घेताना सीआरआर विचारत बसू नका, हसतील. पण लेकराच्या पाठीचं जाकीट, पक्षाघातानंतरची पायाची पट्टी, कोणताही कृत्रिम हात किंवा पाय, यांना विचारायचंच. हल्ली मोबाइलने स्टंप स्कॅन करून थ्रीडी प्रिंटरवर सॉकेट काढून देणारेही आले आहेत. यंत्र नवीन आहे, पण स्कॅनमध्ये फिब्युलाचं डोकं कुठे आणि तिथे किती पोकळी सोडायची, ते सांगणारा माणूस लागतोच.

एक घोळ आणखी. अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, यांचा प्रोस्थेटिस्टशी संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली ते टक्केवारीचं काम सरकारने नेमलेले वैद्यकीय अधिकारी करतात. "पाय आमच्याकडून घ्या, सर्टिफिकेट काढून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. फिजिओथेरपिस्ट पाय घालून चालायला शिकवतात, स्नायू तयार करतात. त्यांचा कायदा वेगळा, २०२१ चा. ते सॉकेटचं माप घेत नाहीत.

फसगत झालीच तर? परिषदेकडे लेखी तक्रार करता येते, नोंदणी असलेल्याविरुद्धही. गैरवर्तन सिद्ध झालं तर नाव वहीतून काढण्याचा अधिकार तिला आहे. पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. सेवेत कसूर झाली म्हणून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी नाही. वकील हवाच असंही नाही. कागद मात्र हवेत, आणि आम्ही तिथेच अडलो. त्या दुकानाचं बिल मी शोधून काढलं. त्यावर एकच ओळ होती, "कृत्रिम पैर, १ नग". माप कोणी घेतलं, सॉकेट कशाचं, पाऊल कुठल्या बनावटीचं, तारीख, सही, काही नाही. खुर्चीच्या बिलावर याहून जास्त असतं. मामा म्हणाले, "जाऊ दे, आता कोण त्याच्या मागे लागतं," आणि आम्ही मागे लागलो नाही.

दुसऱ्या पायाचा कागद माझ्याकडे फाइलला लावलेला आहे. माप घेणारीचं नाव, नंबर, सॉकेटचा प्रकार, पाऊल, आणि खाली हाताने लिहिलेलं: सहा महिन्यांनी दाखवणे, तोवर स्टंप बारीक होईल, मोजे वाढवत जाणे. मामा सध्या तीन मोज्यांवर आहेत. परवा पूजेला मांडी घालून बसले आणि उठताना मामींना हाक मारली, पायासाठी नव्हे, चष्मा सापडत नव्हता म्हणून.